वजा आवाज

“साहेब, ह्यातनं जातं ते पिंपळटाकला दिसतं का?”

मी व्हॅनच्या दारात पाय खाली सोडून भेळ खात बसलो होतो. समोर पन्नाशीचा एक माणूस उभा. गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, घामानं भिजलेली बंडी, आणि छाती अशी धपापत होती की मला वाटलं हा इथंच आडवा होतोय. त्याचं बोट व्हॅनच्या टपावरच्या ताटलीकडे होतं.

“सगळ्या महाराष्ट्राला दिसतं, काका. पिंपळटाक काय कर्नाटकात गेलं?” मी म्हणालो. अठ्ठावीस वर्षांचा होतो, जीभ जरा जास्तच सैल होती.

“मग मला त्यात घाला. आत्ताच्या आत्ता घाला. माझी बायकू खाली पात्रात हाय आन् ह्यांनी पाणी सोडलं.”

भेळेचा पुडा माझ्या हातातच राहिला.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यातला बुधवार, बारा वाजायला पाच मिनिटं. कानवडी धरणाखालच्या गावांनी दोन महिने मोर्चे काढल्यावर कोरड्या नदीत पाणी सोडायचं ठरलं होतं आणि ते सोडायला खुद्द मंत्री आले होते. आमचं चॅनल ते लाईव्ह दाखवत होतं. मी अपलिंक इंजिनियर. म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र आणि माइकमधला आवाज व्हॅनमधून उपग्रहावर फेकायचा. ते सगळं मुंबईच्या स्टुडिओत उतरायचं, आणि तिथून पुन्हा वर जाऊन लोकांच्या घरात. अकरा चाळीसला मंत्र्यांनी कळ दाबली, दरवाजे उचलले गेले, लोकांनी नारळ फोडले. ते सगळं दाखवून झालं होतं. पाऊणला मंत्र्यांचं भाषण दाखवलं की आमची सुट्टी.

माणसाचं नाव गेनू भोई. उन्हाळ्यात तो नदीच्या वाळूत कलिंगडाची वाडी करायचा. पाणी शुक्रवारी सुटणार अशी दवंडी झाली होती. बाकीच्यांनी आधीच फळ काढून पात्र सोडलं, हा मात्र शेवटची तोडणी उरकून गुरुवारी निघू म्हणून राहिला. मंत्र्यांच्या सोयीसाठी शुक्रवारचा बुधवार झाला, हे नदीच्या वळणापलीकडच्या त्याच्या झोपडीत कुणी जाऊन सांगितलंच नाही. पात्रात कुणी उरलं असेल हे गावाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पहाटे टेम्पोत कलिंगडं भरून तो कानवडीच्या बाजाराला आला आणि बाजारात लोक म्हणाले, चला धरणावर, पाणी सुटलं.

“पण त्या निघून येतील ना काठावर? पाणी दिसलं की?” वृषालीनं विचारलं. वृषाली आमची रिपोर्टर. कॅमेरामन नासिर, ती आणि मी, एवढेच आम्ही.

“मांडीपातूर प्लास्टर हाय तिला. गेल्या म्हैन्यात वाडीतच पडली. म्हनलं घरी चल, तर म्हनली, कोल्ही फळ खातील, मी बसल्या बसल्या दगडं मारीन.” त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “लई आडमुठी हाय वो.”

वृषाली पळत धरणाच्या साहेबांकडे गेली आणि तशीच परत आली. दरवाजे आता बंद केले तरी सुटलेलं पाणी जाणारच. पिंपळटाकला पोचायला त्याला अडीच-पावणेतीन तास, म्हणजे अडीचच्या आतबाहेर. साहेबांनी वायरलेसवरून चौकीला कळवलं होतं. “आणि चौकीतले सगळे इथं बंदोबस्ताला आलेत,” ती दात खाऊन म्हणाली. एका हवालदाराला गेनू आला त्याच भाड्याच्या टेम्पोत बसवून पाठवलं होतं खरं, पण घाटाला वळसा घालून रस्ता सत्तर किलोमीटरचा. तीनच्या आत टेम्पो पोचत नाही हे गेनूला पाठ होतं. गावात मोबाइलचा टॉवर नाही. पोस्टातला फोन होळीपासून मुका.

“पर आख्खं गाव टीव्हीम्होरं बसलंय,” गेनू म्हणाला. “पाणी बघाया. चार पोरं खाट घिऊन पळाली तर अर्ध्या तासाचं काम हाय. मला फकस्त तेवढं सांगू द्या. मी दुसरं कायबी बोलत न्हाय.”

वृषालीनं मुंबईला डेस्कवर फोन लावला. डेस्कवर सोहोनी होते. त्यांनी बाराच्या बातम्यांत एक मिनिट दिलं. “माणूस नीट बोलतो ना?” एवढंच विचारलं.

नासिरनं त्याला उन्हात उभा केला. वृषालीनं त्याच्या हातात माइक दिला, कानात बटण बसवलं, म्हणजे निवेदिकेनं विचारलेलं त्याला ऐकू येईल. मग माझ्याकडे वळून ओरडली, “फडतरे, कानातली लाईन स्टुडिओची आहे ना?”

“हो, हो,” मी आतून ओरडलो.

बारा वाजून चार मिनिटांनी आम्ही लाईव्ह गेलो. निवेदिकेनं विचारलं, “गेनूजी, काय सांगाल?” गेनू माइक दोन्ही हातांत धरून अगदी खणखणीत सुरू झाला.

“मी गेनू भोई. पिंपळटाकच्या लोकांनो, ऐका. माझी हौसा...”

तो थांबला. मान वाकडी करून काहीतरी ऐकू लागला.

“व्हय, मीच. मीच गेनू भोई,” तो म्हणाला. “ऐकतोय मी. तर माझी हौसा तिकडं...”

पुन्हा थांबला. कानावर हात मारला.

“गेनूजी, कुणाबद्दल बोलताय आपण?” निवेदिका.

“कोन हाय रे? कोन बोलतंय मधी?” गेनूचा चेहरा लाल होत चालला होता. “चेष्टा करतोस व्हय रे? हितं मानूस मरतंय आन् तू माझ्यासारखं बोलून दावतोस?”

तीन सेकंद शांतता. मग तो ताडकन मागे सरकला. “मी चेष्टा करतोय? मी? तूच करतुयास भाड्या! म्होरं ये! दावतो तुला!” आणि त्यानं हवेत मूठ उगारली. मग दोन शिव्या हासडल्या, त्यातली एक पूर्ण गेली.

स्टुडिओनं चित्र कापलं. निवेदिका गोड हसून म्हणाली की, प्रेक्षकहो, आनंदाच्या भरात काही मंडळी शुद्धीत नसतात, वळूया पुढच्या बातमीकडे.

मी व्हॅनमध्ये पॅनलसमोर उभा होतो. “मी चेष्टा करतोय?” हे त्यानं म्हटलं, तेव्हाच मला कळलं होतं त्याच्या कानात काय चाललंय ते.

आम्ही त्याला वजा आवाज म्हणायचो. लाईव्ह बोलणाऱ्याच्या कानात स्टुडिओ सगळ्यांचा आवाज पाठवतो, फक्त त्याचा स्वतःचा वजा करून. तो फोनच्या लाईनीवरून येतो. त्या डोंगरात सकाळपासून ती लाईन चार वेळा तुटली होती. चौथ्यांदा मी वैतागलो, वायर उपटली आणि सरळ व्हॅनमधल्या टीव्हीच्या आवाजाला जोडून दिली. ऐकू तर येतंय ना, झालं. पण टीव्हीवरच्या आवाजात बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाजही असतो, आणि वर जाऊन, मुंबईत उतरून, परत वर जाऊन खाली यायला त्याला तीन सेकंद लागतात. रिपोर्टर लोकांना सवय असते. बोलताना ते कानातलं काढून हातात धरतात. वृषालीही तेच करायची, म्हणून सकाळपासून कुणाला काही कळलं नव्हतं. गेनूला कोण सांगणार?

मी ती वायर खसकन ओढली आणि फोनच्या लाईनीत लावून टाकली. तेवढ्यात वृषाली दारात आली.

“फडतरे, तो आवाजाला उत्तरं देत होता. खरं सांग, लाईन स्टुडिओची होती?”

“बघ ना तूच,” मी पॅनलकडे बोट केलं. लाईन स्टुडिओची होती.

तिनं पाहिलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, “मग सकाळी सकाळी टाकून आलाय की काय हा?”

“नाही गं. घाबरला असेल.”

बाहेर गेनू नासिरला विचारत होता, “झालं का? गेलं का पिंपळटाकला?”

मी सोहोनींना फोन लावला. बारा आठ झाले होते.

“कुठला बेवडा उभा केलात रे?” ते कडाडले. “शिवी गेली लाईव्हमध्ये!”

“सर, तो पिऊन नाहीये. एक मिनिट परत द्या. बाई पाण्यात जाईल हो त्याची.”

“मग असा का बोलला? मला कारण दे. वर साहेब विचारतायत मला, मी काय सांगू?”

सोहोनींची वीस वर्षं कंट्रोल रूममध्ये गेली होती. एक वाक्य पुरलं असतं. ‘सर, त्याच्या कानात मी चुकून टीव्हीचा आवाज दिला होता.’ त्यांनी मला आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या आणि त्याच दमात मिनिट दिलं असतं. पण महिन्यापूर्वी एका मोठ्या वकिलाच्या कानात मी हाच उद्योग केला होता. तो लाईव्हमधून उठून गेला आणि मला लेखी ताकीद मिळाली. पुन्हा झालं तर घरी, असं त्यात लिहिलेलं. घरी बायकोला सातवा महिना होता.

“घाबरला असेल, सर,” मी म्हणालो.

“मग घाबरट माणसाला कॅमेऱ्यासमोर आणू नका. भाषण पाऊणला. ते द्या आणि व्हॅन परत आणा.” फोन बंद.

त्यानंतर वृषालीनं सोहोनींना अकरा वेळा फोन केला. त्यांनी तिसऱ्यानंतर उचलला नाही. दुसऱ्या चॅनलची माणसं टेप घेऊन केव्हाच निघून गेली होती. तिनं मंत्र्यांच्या पीएला गाठलं. तो म्हणाला, प्रशासन पाहतंय. गेनू एकदा व्हॅनपाशी यायचा, एकदा धरणाच्या कठड्यापाशी जाऊन पाण्याकडे बघायचा. पाणी फेसाळत जात होतं आणि काठावर पोरं टाळ्या पिटत होती. एकदा तो मोठ्यानं म्हणाला, “आरं, कुनीतरी थांबवा की त्याला!” माणसाला म्हणावं तसं पाण्याला म्हणाला. मला ते ऐकवेना. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि घड्याळाकडे बघत बसलो.

बारा बेचाळीसला मंत्री माइकपाशी उभे राहिले. स्टुडिओनं सांगितलं, तीन मिनिटांत येतोय तुमच्याकडे. मी दार उघडून खाली उडी मारली.

“नासिर, आपण लाईव्ह गेलो की कॅमेरा इकडं फिरव. गेनूकाकांवर.”

“वेड लागलं का? नोकरी जाईल.”

“माझी जाईल. मी सांगितलं म्हणून सांग.”

नासिरनं एकदा गेनूकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी गेनूच्या हातात माइक दिला. कानात काही दिलं नाही. “काका, कुणी काही विचारणार नाही. कुणी मधे बोलणार नाही. मी हात खाली केला की सुरू करा.”

पाऊण वाजून दोन मिनिटांनी लाल दिवा लागला. मंत्र्यांचं ‘बंधू-भगिनींनो’ झालं, मी त्यांच्या माइकची वायर उपटली, नासिरनं कॅमेरा गर्रकन फिरवला आणि मी हात खाली केला.

“पिंपळटाकच्या लोकांनो, मी गेनू भोई. माझी हौसा पात्रातल्या झोपडीत हाय. म्हसोबाच्या वळनापल्याड. तिचा पाय मोडलाय. धरनाचं पाणी सुटलंय. खाट घिऊन पळा, तिला वर काढा. पाया पडतो तुमच्या. बाळू, शिरपा, तुका, पळा रं!”

बावीस सेकंद. एक शब्द अडखळला नाही. मग स्टुडिओनं कापलं आणि माझा फोन वाजायला लागला. सोहोनी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. उद्यापासून येऊ नकोस, हे शेवटचं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट ऊर भरून आला होता. वृषालीनं तर मला मिठीच मारली. आमच्या धंद्यात ती गोष्ट अजून सांगतात, फडतरेनं मंत्र्याचं भाषण कापून एका गरिबाला लाईव्ह घेतलं म्हणून. मी आता दुसऱ्या चॅनलमध्ये आहे, तिथंही नव्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात. मी कधी कुणाला अडवलं नाही.

व्हॅन परत न्यायची होती, पण आम्ही ती पिंपळटाककडे घातली. गेनू मागे, उपकरणांच्या पेटीवर बसला होता. त्याचा जीव जरा खाली बसला होता. बोलायला लागला.

“पळाली असतील पोरं. शिरपा लई चपळ हाय. तिला उचलायची म्हंजी सोपं न्हाय, वजनदार हाय बाई.” मग थोड्या वेळानं स्वतःशीच हसला. “मला खवळंल आता. कलिंगडं सोडून आनलं म्हनून. चाळीसेक ऱ्हायली हुती येलावर.”

वृषाली म्हणाली, “खवळू दे हो. ऐकून घ्या.”

“ऐकतो की. जलमभर ऐकलंय.”

घाटात एक ट्रक आडवा पडला होता. पिंपळटाकला पोचायला आम्हाला साडेचार झाले. गाव सगळं काठावर होतं. आमची व्हॅन बघून लोक बाजूला झाले, पण कुणी गेनूच्या डोळ्याला डोळा देईना. नदी दोन्ही काठ धरून वाहत होती. गढूळ, जोरात, मधेच एखादं कलिंगड वरखाली होत जायचं. हवालदार आणि टेम्पोवाला खाली बाभळीपाशी उभे होते. बाभळीच्या मुळांत ती अडकली होती. तिला काठावर काढून, वर कुणाचं तरी पातळ टाकलं होतं. पातळाखालून पांढरं प्लास्टर दिसत होतं.

गेनू तिच्यापाशी जाऊन बसला. रडला नाही. प्लास्टरवरचा चिखल अंगठ्यानं पुसत राहिला. मग वर बघून म्हणाला, “शिरपा, तुमी टीवी बघितला न्हाय का रं?”

शिरपा म्हणजे तिशीतला गडी. तो हमसून हमसून रडायला लागला. “बघितला की, काका. बाराला बघितला. समदं गाव बघत हुतं. तुमी कुनाला तरी शिव्या देत हुता. आमाला वाटलं, काकानं आज घेतली. हसलो वो आमी. ही हौसा हौसा काय म्हनतोय म्हनून हसलो.”

“आन् नंतरचं? नंतर मी नीट सांगितलं.”

“नंतर कुठनं बघनार? साडेबाराला लाईट गेली. भारनियमनाची. अजून आली न्हाय.”

बारा आठला मी सोहोनींशी बोललो होतो. मिनिट मिळालं असतं तर सव्वाबाराच्या आत मिळालं असतं. मी मनातल्या मनात हा हिशोब दोनदा केला, आणि दोन्ही वेळा तो तेवढाच आला.

गेनू हळूहळू उठला. लोकांतून वाट काढत माझ्यापाशी आला. त्याच्या अंगठ्याला प्लास्टरचा पांढरा चिखल लागला होता.

“साहेब,” तो म्हणाला, “तुमी माझ्यासाठी नोकरी घालवली. तुमच्यावर माझा राग न्हाय. फकस्त येक सांगा. पयल्या टायमाला माझ्या कानात कोन बोलत हुतं? मी बोललो की त्योच शबूद, माझ्याच आवाजात. मानूस मरतंय हे त्याला कळत न्हवतं का? त्याचं नाव सांगा मला.”

वृषाली माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिला कळलंय. ती मी बोलायची वाट बघत राहिली.

“कुणी नव्हतं, काका,” मी म्हणालो. “तांत्रिक अडचण होती.”

“म्हंजी मानूस न्हवता?”

“नाही.”

“दुसऱ्या कुनाला ऐकू आलं का ते?”

“नाही.”

गेनूनं स्वतःच्या कानशिलावर बोट ठेवलं.

“म्हंजी माझ्याच डोस्क्यात हुतं म्हना की,” तो म्हणाला. “माझंच डोस्कं फिरलं. मीच घालवली तिला.”

मी त्याला तसं म्हणू दिलं.